शोभराजची गोष्ट सांगणाऱ्यांनो, तिहारपाशी जरा थांबा

प्रति,
चार्ल्स शोभराजची गोष्ट मराठीत सांगणारे सर्व पटकथाकार, पॉडकास्टवाले, यूट्यूब चॅनेलवाले आणि दिवाळी अंकांत गुन्हेकथा लिहिणारे लेखक यांस,

स. न. वि. वि.

सध्या शोभराजला, परदेशी प्रवाशांना गुंगीचं औषध देऊन लुटणाऱ्या आणि मारणाऱ्या त्या खुन्याला, पुन्हा बरे दिवस आलेत. मोबाइल उघडला की कुठे ना कुठे त्याचा टोपीतला फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'तिहारला वेड्यात काढणारा माणूस'. तुम्ही मेहनत घेता हे मान्य. संगीत छान लावता, आणि गोव्यातल्या पर्वरीच्या रेस्टॉरंटात त्याला पकडल्याचा प्रसंग असा रंगवता की माझ्या सासूबाई भाजी निवडायची थांबवून ऐकतात. त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. म्हणणं आहे ते दिल्लीच्या तिहार तुरुंगाबद्दल.

मी एका जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर आहे, त्यामुळे ज्यांना वकील परवडत नाही अशा बंद्यांना भेटायला तुरुंगात जाणं हे माझं नेहमीचं काम. गेटवरची नोंदवही, झडती, मुलाखतीच्या जाळीपाशी एकाच वेळी ओरडणारी वीस माणसं, हे सगळं रोजच्यातलं. म्हणून तुमच्या दोन-दोन तासांच्या कार्यक्रमात तिहारच्या वाट्याला सात-आठ मिनिटं येतात आणि तीही विनोदी असतात, तेव्हा मला राहवत नाही. कोठडीत टीव्ही, हाताखाली कैदी, वाढदिवसाची मिठाई, घोरणारे पहारेकरी, की लगेच गाडी गोव्याला! या माणसाने एका तुरुंगात सलग जवळपास दहा वर्षं काढली आणि त्या दहा वर्षांत देशाच्या सर्वोच्च न्यायालयात त्याच्या नावाचा निकाल झाला, याचा उल्लेख एकाही मराठी भागात मी ऐकलेला नाही.

सुरुवात थोडी मागून करते, कारण तिहार हा त्याचा पहिला तुरुंग नव्हे.

१९६३ साली, एकोणीस वर्षांचा असताना, घरफोडीसाठी तो पॅरिसजवळच्या प्वासीच्या तुरुंगात गेला. सायगावात जन्मलेला, आई व्हिएतनामी, वडील सिंधी, फ्रान्समध्ये वाढलेला आणि कुठल्याच घरात धड न मावलेला मुलगा. प्वासीत त्याने अधिकाऱ्यांना वश करून एक सवलत मिळवली: कोठडीत स्वतःची पुस्तकं ठेवायची. ऐकायला किती निरुपद्रवी वाटतं! पण तुरुंग जवळून पाहिलेल्या माणसाला विचारा. जी गोष्ट बाकीच्या बराकीला मिळत नाही ती एकाला मिळाली, की सगळ्यांना कळतं इथे नियम कोण वाकवू शकतो ते. तिथेच त्याची ओळख कैद्यांना भेटायला येणाऱ्या एका श्रीमंत घरच्या तरुणाशी झाली. सुटल्यावर शोभराज त्याच तरुणाच्या घरी राहायला गेला आणि त्याचं बोट धरून पॅरिसच्या उच्चभ्रू वर्तुळात शिरला. दिवसा तिथे मेजवान्या, रात्री घरफोड्या. म्हणजे पहिल्या शिक्षेतून बाहेर पडताना त्याच्या हाती दोन गोष्टी होत्या, साहेब लोकांची नस आणि बाहेरच्या ओळखी. त्याने खून करायला लागण्याच्या कितीतरी आधीचं हे आहे. तुमच्या कार्यक्रमात याला एक वाक्य मिळतं, आणि त्यातही 'देखणा' हा शब्द असतो.

पुढचा भाग तुम्ही चांगला सांगता, म्हणून मी धावत जाते. १९७० च्या सुमारास तो बायकोसह मुंबईत आला, चोरीच्या गाड्यांचा धंदा मांडला. दिल्लीच्या अशोका हॉटेलातल्या जवाहिऱ्याच्या दुकानावर दरोडा पडला, आणि १९७१ मध्ये मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंड्यांनी त्याला पहिल्यांदा पकडलं. दिल्लीत अपेंडिक्सचं दुखणं पुढे करून तो दवाखान्यातून निसटला, पुन्हा सापडला, जामिनावर सुटला आणि काबूलला पळाला. काबूलमध्ये परत तुरुंग, परत आजारपण, परत दवाखाना. या वेळी पहारेकऱ्याला गुंगीचं औषध. मग ग्रीस. तिथून तो सुटला, पण सावत्र भाऊ मागे राहिला आणि तुर्कस्तानात अठरा वर्षांच्या शिक्षेवर गेला.

या यादीत तुम्हाला हुशारी दिसते. मला दवाखाना दिसतो. तुरुंगाच्या फाटकाबाहेर पडायला कोर्टाच्या हुकमाखेरीज आणखी एक कागद चालतो, डॉक्टरांची चिठ्ठी. ती कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, यावर सगळा खेळ. माझ्या एका अशिलाला हर्नियासाठी बाहेरच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं होतं. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, तारीखही ठरली होती, आणि दर वेळी कागदावर एकच शेरा यायचा, 'पोलीस बंदोबस्त उपलब्ध नाही'. त्याच काळात दुसरा एक जण छातीत दुखतंय म्हणून संध्याकाळच्या आत दवाखान्यातल्या खाटेवर पोचला होता. तुरुंगाचं नाव सांगत नाही. सांगूनही फरक पडणार नाही. शोभराजला दिल्ली आणि काबूलमध्ये जे जमलं त्यात प्रतिभा किती आणि 'कोणाची चिठ्ठी निघते' हे हेरणारी नजर किती, याचा हिशेब तुम्ही एकदा मांडून बघा.

१९७५-७६ मधले खून मी इथे उगाळत नाही. थायलंड, नेपाळ, भारत. युरोप-अमेरिकेतून फिरायला आलेली कोवळी पोरं-पोरी, त्यांना आधी औषधाने आजारी पाडायचं, मग सेवा करायची, मग पासपोर्ट आणि प्रवासी धनादेश काढून घ्यायचे. संशय डझनभर खुनांचा, शिक्षा मात्र मोजक्याच. एवढंच म्हणते की 'बिकिनी किलर' हे बिरुद ज्या मुलीवरून आलं ती अमेरिकेतून आली होती आणि थायलंडच्या किनाऱ्यावर पाण्यात मेलेली सापडली. तिच्या माणसांना तुमची ती ठसठशीत अक्षरं वाचता येत नाहीत, हे बरंच आहे.

आता तिहार.

जुलै १९७६. दिल्लीच्या विक्रम हॉटेलात फ्रेंच विद्यार्थ्यांचा मोठा गट उतरलेला. शोभराजने त्यांना जुलाबावरचं औषध म्हणून गोळ्या दिल्या. मात्रा चुकली, पोरं खोलीत जाऊन निजण्याऐवजी तिथेच धडाधड कोसळायला लागली. जी शुद्धीवर होती त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनीच त्याला धरून ठेवलं. कुठल्याही हेरगिरीने नव्हे, पोट बिघडलेल्या विद्यार्थ्यांनी धरला तो.

तेव्हा आणीबाणी होती, हे विसरू नका. तिहार राजकीय कैद्यांनी भरलेलं, आणि शोभराजलाही मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबता येणाऱ्या कायद्याखाली, आत टाकलं. आत गेल्यागेल्या त्याच्या पायात दंडाबेडी ठोकली.

दंडाबेडी तुमच्या ॲनिमेशनमध्ये कधी दिसत नाही, म्हणून सांगते. दोन्ही घोट्यांत लोखंडी कडी. प्रत्येक कड्यातून वर येणारी एकेक लोखंडी सळई. दोन्ही सळया कमरेपाशी अडकवलेल्या. साधी बेडी म्हणजे साखळी, ती गोळा होते, वाकते. सळई वाकत नाही. चालायचं तर पाय फाकवून, खुरडत. बसायचं तर पाय पुढे सोडून. कूस बदलायची तर आधी हाताने लोखंड उचलायचं आणि मग अंग वळवायचं. संडासला बसणं हा एक स्वतंत्र प्रकार. घोट्याची कातडी सोलली जाते, चिंधी गुंडाळली तर ती जखमेला चिकटते. शोभराजची तक्रार अशी होती की ही बेडी दिवसाचे चोवीस तास, म्हणजे झोपेतसुद्धा, वैद्यकीय कारणासाठी काढलेले मधले थोडे दिवस सोडले तर जवळपास दोन वर्षं त्याच्या पायात होती.

त्याने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्याच वेळी फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्राचा अर्जही तिथे होता. त्याला एकांतवासात ठेवलं होतं. जानेवारी १९७८ मध्ये सरन्यायाधीश बेग दोन सहकाऱ्यांना घेऊन स्वतः तिहार बघून आले. निकाल लागला ३० ऑगस्ट १९७८ रोजी, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडून. तोवर सरन्यायाधीश झाले होते आपले पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड. पीठावर कृष्ण अय्यर होते, देसाई होते. कायद्याच्या विद्यार्थ्याला हा निकाल आजही 'सुनील बत्रा' या नावाने शिकवतात आणि शोभराज त्यात तळटीपेसारखा राहून जातो. मीही विद्यार्थिदशेत तो परीक्षेपुरताच वाचला होता.

सरकारची बाजू काय होती? हा धोकादायक आहे, आधी पळालेला आहे, बेडी नाही घातली तर पुन्हा पळेल. आता प्रामाणिकपणे सांगा, यात खोटं काय होतं? तीन देशांतून निसटलेला माणूस. पुढे १९८६ मध्ये तो पळालाच. त्यामुळे 'घालायलाच हवी होती बेडी' असं तुमच्यातले अनेक जण म्हणतील, आणि श्रोते टाळ्या वाजवतील.

न्यायालयाने १८९४ च्या तुरुंग कायद्यातलं बेडीचं कलम ५६ रद्द केलं नाही. धोकादायक कैद्याला बेडी घालता येते, हे त्यांनी मान्य केलं. त्यांनी विचारलं ते वेगळंच. रोज गरज तपासली का? लेखी कारण कुठे आहे? रात्री कोठडीला कुलूप असतानाही बेडी कशाला? मुदत किती? या प्रश्नांना उत्तर नसेल, तर अशी बेअंत बेडी त्या कलमात बसत नाही. कृष्ण अय्यरांनी तर पुढे जाऊन कैद्याला आपलं म्हणणं मांडायची संधी, रोजनाम्यात नोंद, वेळोवेळी फेरविचार, हे सगळं मागितलं. थोडक्यात, अधीक्षकाची मर्जी पुरेशी नाही, कागद दाखवा.

हा निकाल झाल्यावर तिहारात काय झालं असेल असं तुम्हाला वाटतं? मर्जी संपली आणि नियम आले? छे.

तोच कैदी, तोच तुरुंग, आणि बघता बघता तो तिथला मालक झाला. आत येताना त्याने अंगात लपवून रत्नं आणली होती, असं त्याच्यावर लिहिणाऱ्यांनी नोंदवलं आहे. पैसा होता. कोठडीत टीव्ही आला, हवं ते जेवण आलं. परदेशी पत्रकार तर निकालाआधीच येऊन मुलाखती घेऊन गेले होते, आयुष्यावरच्या पुस्तकाचे हक्कही विकले गेले होते. तिहारचे पुढे कायदा अधिकारी झालेले सुनील गुप्ता १९८१ मध्ये तिथे नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हाची हकिकत त्यांनी अनेकदा सांगितली आहे. अधीक्षकांनी त्यांना रुजू करून घ्यायला नकार दिला. ते हताश होऊन बाहेर बसले असताना सुटाबुटातला एक रुबाबदार गृहस्थ आला, काय अडचण आहे विचारलं, आत गेला आणि रुजू झाल्याचा कागद घेऊन आला. गुप्तांना वाटलं, कोणी वरिष्ठ अधिकारी असावा. तो शोभराज होता.

हा किस्सा तुम्ही सगळेच सांगता आणि हसता. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मीही हसले. पण यात शोभराजची करामत कुठे आहे? सही अधिकाऱ्याची होती. ती त्याने सकाळी नाकारली आणि कैद्याच्या शब्दाखातर थोड्या वेळाने दिली. दोन वर्षं दंडाबेडी ठोकणारा हात आणि टीव्ही आत सोडणारा हात एकाच खात्याचा. दोन्ही वेळी नियम काय सांगतो हे कोणी पाहिलं नाही. बेडी मर्जीने, टीव्हीही मर्जीने. आणि मर्जी म्हटली की तिचा दर ठरतो. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला तो परवडतो.

ज्याला परवडत नाही त्याचं काय होतं, तेही याच तिहारच्या दप्तरात आहे. १९७९ मध्ये, शोभराज तिथे स्थिरावत असताना, एका गरीब कैद्याच्या गुदद्वारात वॉर्डरने दंडुका घातला. कारण? भेटायला येणाऱ्या नातेवाइकांकडून पैसे आणून देत नव्हता. आतड्याला इजा, रक्तस्राव, इस्पितळ. मग प्रकरण दडपण्यासाठी मूळव्याधीपासून पडझडीपर्यंतच्या कथा. हे बाहेर कसं आलं? त्याच सुनील बत्राने, फाशीची शिक्षा डोक्यावर असताना, सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने पत्रालाच अर्ज मानलं आणि ज्येष्ठ वकील डॉ. वाय. एस. चितळे व मुकुल मुद्गल यांना न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारे वकील, म्हणून तुरुंगात जाऊन कैद्याला भेटायला, कागद बघायला पाठवलं. डिसेंबर १९७९ मध्ये निकाल आला. आज माझ्यासारखी पॅनेलवरची वकील तुरुंगात जाऊ शकते, बंद्यांची तक्रार ऐकू शकते, जिल्हा न्यायाधीश तुरुंगाला भेट देतात, तक्रारपेटी ठेवली जाते, त्यामागे हा दुसरा निकाल आहे.

साधारण एकाच काळात, एकाच भिंतीआड, एकाला परदेशी वार्ताहर भेटायला येतात आणि दुसऱ्याच्या अंगात दंडुका जातो. दोघांत फरक गुन्ह्याचा नव्हता; शोभराजचा गुन्हा तर कितीतरी मोठा. फरक दराचा होता. तुम्ही पहिला माणूस दाखवता आणि दुसरा गाळता. मग श्रोत्याला वाटतं, तुरुंगात कैद्यांची मजाच असते. मग तो व्हॉट्सॲपवर लिहितो, 'यांना सोयी कसल्या देता, बेड्या ठोका.' आणि त्या बेड्या ज्यांना बसतात ते शोभराज नसतात. देशातल्या दर चार बंद्यांपैकी तीन न्यायाधीन आहेत, म्हणजे त्यांच्यावरचा आरोप अजून सिद्धही व्हायचाय.

मला कल्पना आहे तुमच्यातले काही काय म्हणतील. खुन्याच्या हक्कांचा कळवळा आलाय बाईंना, ज्या पोरांना त्याने मारलं त्यांच्या हक्कांचं काय? रास्त प्रश्न आहे. पण त्या मेलेल्या पोरांच्या दृष्टीने बघा ना. दोन वर्षांची दंडाबेडी त्यांच्या उपयोगाची काय होती? त्यांना हवा होता खटला, साक्षी, शिक्षा, आणि शिक्षा पुरी होईपर्यंत आत राहिलेला गुन्हेगार. बेडी काढायचा अर्ज करून तो पळाला नाही. तो पळाला ते बेडी निघाल्यानंतर आठ वर्षांनी, बेडीशी काहीच संबंध नसलेल्या रस्त्याने.

तो रस्ता १६ मार्च १९८६ चा, रविवारचा. वाढदिवसाचं निमित्त, गुंगीचं औषध घातलेली मिठाई, पहारेकरी आडवे, फाटक उघडं. त्याचा वाढदिवस मुळात ६ एप्रिलला असतो, हे त्याच्या कैदपत्रावर लिहिलेलं असणारच; पण बघतो कोण? तुम्ही इथे 'काय डोकं!' म्हणता. मी एक साधी गोष्ट विचारते. माझ्या अशिलाची आई घरून करून आणलेला शिऱ्याचा डबा घेऊन गेटवर येते, तेव्हा शिपाई तो परत पाठवतो, कारण बाहेरचं शिजवलेलं अन्न आत चालत नाही. नियम योग्यच आहे, विषबाधा होऊ शकते. मग देशातल्या सगळ्यात कुप्रसिद्ध विषप्रयोगी कैद्याच्या हातची मिठाई अख्ख्या पहाऱ्याने खाल्ली कशी? औषध घालून माणसं निजवणं हाच त्याचा धंदा होता, त्यासाठीच तो आत होता! त्या दिवशी ती मिठाई खाणारे शिपाई मूर्ख नव्हते. दहा वर्षांत त्याच्या हातून काही घेण्याची सवय लागली होती, एवढंच. आणि ती सवय शिपायांना वरून लागते.

आणि तो पळाला कशाला, हे तरी नीट सांगत जा. थायलंडमध्ये त्याच्यावर खुनाचे आरोप होते, तिथे मृत्युदंड होता, आणि तिथल्या वॉरंटची मुदत वीस वर्षांची. इथली त्याची एकंदर शिक्षा १२ वर्षांची. ती संपली असती तर थेट बँकॉकचं विमान. पळून, सापडून, नवी शिक्षा घेऊन तो १७ फेब्रुवारी १९९७ पर्यंत भारतात आत राहिला, आणि तोवर वीस वर्षं उलटून गेली होती. त्याला मृत्युदंडापासून वाचवलं ते तिहारने. ज्या तुरुंगाला त्याने वेड्यात काढलं म्हणता, तो तुरुंग त्याने भाड्याने घेतला होता म्हणा हवं तर. भाडं वेळच्या वेळी भरत होता.

झेंडेसाहेबांबद्दल मात्र तुम्ही सांगता त्याहून जास्त सांगायला हवं. ६ एप्रिल १९८६, त्याचा खरा वाढदिवस, पर्वरीचं ओ कोकेरो रेस्टॉरंट. परदेशी माणसाला परदेशात फोन करायचा तर गोव्यात तेव्हा जागा मोजक्या. झेंडे आणि त्यांची माणसं तिथे येऊन बसत राहिली. जादू नाही, वेषांतर नाही. हा माणूस फोन करायला येईल, असा साधा अंदाज आणि तो खरा ठरेपर्यंत बसायची तयारी. आला, मागून मिठी मारून धरला. हातकड्या नव्हत्या म्हणून दोरीने बांधून मुंबईकडे निघाले, असं झेंडेसाहेब मुलाखतींत सांगतात. मला त्या दोरीचं फार अप्रूप वाटतं. धोका होता तोवर बांधला, ताब्यात दिल्यावर सोडला. घटनापीठाने एवढ्या लांब निकालात जे सांगितलं ते एका मराठी पोलिसाने साध्या दोरीने करून दाखवलं. कारण होतं, गरज होती, मुदत होती.

आणि पुतळा कोणाचा बसला? त्याच रेस्टॉरंटात, त्याच टेबलाशी शोभराजचा. पर्यटक त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून आले. तुमच्यापैकी दोघांच्या चॅनेलवर मी तसे फोटो पाहिलेत.

पुढचं काठमांडू तुम्हाला माहीत आहे. २००३ मध्ये कॅसिनोत सापडला, १९७५ च्या खुनासाठी जन्मठेप झाली, २०१४ मध्ये दुसऱ्या खुनासाठीही. तिथे तो अडकला तो कोणाच्या पराक्रमाने नव्हे. हर्मन क्निपेनबर्ग नावाच्या डच राजनैतिक अधिकाऱ्याने बँकॉकमध्ये गोळा केलेले कागद वर्षानुवर्षं जपून ठेवले होते, ते नेपाळच्या कामी आले. एकोणीस वर्षं तो तिथल्या तुरुंगात राहिला आणि डिसेंबर २०२२ मध्ये वय व आजारपण बघून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सोडला. आता फ्रान्समध्ये आहे. मुलाखतींचे पैसे घ्यायची त्याची सवय १९९७ पासूनची, तेव्हा कोणी 'एक्सक्लुझिव्ह'चा विचार करत असेल तर आधी हिशेबनीसाला विचारा.

तर विनंती अशी आहे. पुढच्या वेळी शोभराज करणार असाल, आणि करालच, तर तिहारचा भाग अर्ध्या तासाचा करा. त्यात दंडाबेडी दाखवा. ती ॲनिमेशनमध्ये जमत नसेल तर जुन्या तुरुंगांच्या संग्रहालयांत बघायला मिळते, हातात घेऊन बघा. १९७८ चा निकाल दाखवा आणि त्यात सरकारी बाजूला विचारलेले प्रश्न निवेदकाच्या तोंडी घाला. १९७९ चा तो गरीब कैदी दाखवा, नाव न घेता. आणि 'शोभराज कसा पळाला?' या मथळ्याऐवजी 'मिठाई आत कोणी सोडली?' असा मथळा द्या. त्याचं उत्तर शोधताना तुम्हाला जुन्या चौकश्या, जुनी वर्तमानपत्रं, निवृत्त शिपाई यांच्यापर्यंत जावं लागेल. त्या दिवशीच्या शिपायांपैकी कोणी हयात असेल तर त्याची बाजू एकदा मराठीत येऊ द्या. आजवर त्या माणसांची घोरण्यापलीकडे काही भूमिकाच नाही.

आणखी एक. आपल्या राज्यात नवा कारागृह कायदा आलाय, डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात विधेयक मंजूर झालं. नियमांवर बोलायची हीच वेळ आहे. बेडी कधी, एकांतवास किती दिवस, दवाखान्याची चिठ्ठी किती वेळात अमलात आणायची, मुलाखतीची नोंद कोणी बघायची, हे सगळं नियमांत ठरतं. वर्तमानपत्रं यावर दोन परिच्छेद छापतात आणि कोणी वाचत नाही. तुमच्या एका भागाला लाखो श्रोते आहेत. शोभराजच्या नावावर गोळा झालेली ती माणसं दहा मिनिटं जास्त थांबली तर बिघडणार काही नाही.

आपली,
विधी सेवा पॅनेलवरची एक वकील

ता. क. : १९७८ आणि १९७९ चे दोन्ही निकाल इंग्रजीत आहेत, आणि कृष्ण अय्यरांचं इंग्रजी पचायला जड आहे. ज्यांना खरोखर भाग करायचा आहे त्यांनी कळवावं. दोन्हींतल्या तुरुंगाच्या वर्णनाच्या जागा मी खुणा करून ठेवल्या आहेत, मराठीत समजावून सांगेन. मानधन नको. फक्त तो फोटो बदला.